कोपरा फाटलेलं पाकीट

२८ नोव्हेंबर १९६४

बंबातली राख पत्र्यावर ओतली. चिमट्यानं एकेक पापुद्रा उचलून पाहिला. जळलेल्या कागदाचा पापुद्रा होतो, धरला की मोडतो. दोन-तीन ठिकाणी अक्षरांसारखं काही होतं – काळ्यावर अधिक काळं. वाचता आलं नाही. एक तुकडा अर्धवट जळून राहिला होता. त्यावर फक्त हवाई डाकेच्या पाकिटाची निळी-तांबडी कड.

आज शनिवार, शाळा अर्धी. साडेबाराला घरी आले तर सासूबाई ओल्या लुगड्यात ओट्यावर बसलेल्या. काय झालं विचारलं. म्हणाल्या, "आधी आंघोळ कर."

मग तुकड्यातुकड्यानं कळलं. अकराच्या डाकेनं जर्मनीहून माझ्या नवऱ्याचं पाकीट आलं. अनंतचं. कोपरा फाटलेला होता. कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताचं. ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, बाहेरच वाचून फाडायचं. मामंजी वाचनालयात गेलेले. घरात सासूबाई एकट्या, पाकिटावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. त्यांनी पाकीट उघडलंच नाही. तसंच परसातल्या बंबात घातलं आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

"कोणाकडून वाचून तरी घ्यायचं होतं, आई."

"वाचायचं काय त्यात? कोपरा वाचला मी."

कोपरा कसा फाटला ते मला माहीत आहे. जवळजवळ माहीत आहे. मागच्या महिन्यात पोस्टमन पुंजाराम म्हणाला होता, बाई, जर्मनीचं तिकीट लई झ्याक असतं, आमाला द्या की. मी म्हणाले, पुढच्या पत्राचं तूच काढून घे. काढायचं म्हणजे ओलं करून, सावकाश – हे सांगायचं राहिलं. त्यानं ओढून काढलं असणार, कोपऱ्यासकट.

हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "कुंकू आज तरी पुसायचंस."

नाही पुसलं.

२९ नोव्हेंबर

तार केली. जबाबी, उत्तराचे पैसे आधीच भरून. सुतकात घराबाहेर पडू नये म्हणून सासूबाईंनी अडवलं. मामंजी म्हणाले, "उत्तर येईपर्यंत सुतक कसलं?" आणि छत्री घेऊन माझ्याबरोबर निघाले. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्री उगाच.

पत्ता माझ्याकडे त्याच्या बिऱ्हाडाचाच आहे. कारखाना त्यानं सप्टेंबरात बदलला. नव्याचं नाव कळवलं नाही. पत्रात नुसतं 'नवी जागा' असं. मजकूर मी इंग्रजीत लिहिला, खुशाली कळव एवढाच. तारबाबूनं शब्द मोजले आणि विचारलं, "बस, इतनाच?"

तारेच्या खिडकीवरच चौकशी केली, रविवारी बाकी पोस्ट बंद. पुंजाराम काल दुपारपासून रजेवर. मुलीचं लग्न. गाव गंगापूरच्या पुढं कुठंसं. पंधरा दिवस येणार नाही.

परत येताना मामंजी म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नकोस. रझाकारांच्या वर्षी बिऱ्हाड गाडीत घालून टोक्याला गोदावरी ओलांडली आम्ही. निजामाची हद्द सोडून इंग्रजीत गेलो, नेवाशाला. सहा महिने. तिथलं पाणी लागलं आणि शकू गेली. दोन वर्षांची होती. पोलीस ॲक्शन झाली, आम्ही परत आलो, पोर तिकडं राहिली."

शकूबद्दल लग्नानंतरच्या पाच वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं. नेवासं इथून तीस-पस्तीस मैल. सासूबाईंचा परदेश तेवढाच.

३० नोव्हेंबर

शाळेत गेले. कुंकू लावून. शिक्षिकांच्या खोलीत बोलणं थांबलं.

१ डिसेंबर

नानासाहेब आले. मामंजींचे चुलतभाऊ, कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. मनमाडच्या पुढं कधी गेले नाहीत. जर्मनीचं त्यांना सगळं माहीत आहे.

आधी थंडीचं सांगितलं. कान चोळला तर हातात येतो. मग बोटीचं. बोटीवर माणूस गेला की गोणपाटात शिवतात आणि खाली सोडतात. मग मूळ विषय.

"तिथं प्रेत जाळत नाहीत, व्यंकटराव. चाल नाही. आणि परका, बेवारस असला तर डॉक्टरकीच्या पोरांना चिरायला देतात."

मी आतून म्हणाले, "जाळतात, नानासाहेब. शहरातून सोय असते. गॅसवर दहन करतात."

"गॅसवर?" ते सासूबाईंकडे वळले. "ऐकलंत का वहिनी? गॅसवर."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

पुढं माझं निघालं. एकोणीस तारखेला माझी बोट आहे, हे नानासाहेबांना ठाऊक आहे. बाईमाणसाला म्हणे बंदरावरच उतरवून घेतात. कागद काढून घेतात. मग ती कोणाची कोण. त्यांच्या माहितीत एक होती. कुठली? नाव आठवत नाही, पण होती. मी म्हणाले, जेनोव्हाच्या बंदरावर अनंत घ्यायला येणार आहे.

मामंजींनी पानाचं तबक पुढं सरकवलं.

प्रत्येक गोष्टीचं उत्तर माझ्याकडे होतं. उत्तरं बरोबरही होती. सभेत जिंकावं तशी मी माजघरात जिंकत होते.

२ डिसेंबर

आवडाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "तुमचं खरं असंल बाई. तिकीट फाडलं असंल पोष्टमननं. पर तुमी एकल्याच म्हनता तसं."

"एकटीनं म्हटलं म्हणून खोटं होतं का?"

"खोटं नाय वो. पर माझा भाऊ वैजापूरकडं हिरीच्या कामावर व्हता. दरड पडली, मेला. आमाला आठ दिसांनी कळलं. वैजापूर तर हितंच हाये. मग तुमचं ते किती लांब?"

हिशेब बिनचूक होता. घासलेलं पातेलं तिनं पालथं घातलं आणि विचारलं, "तितं सा म्हयने ऊन नसतंय म्हनं. मंग लुगडी कुटं वाळत घालणार व्हत्या तुमी?"

व्हत्या. ती सहज बोलली.

३ डिसेंबर

तारेचं उत्तर आलं. अनंतचं नव्हे, तार खात्याचं. तार पोचवता आली नाही. कारण – दोन इंग्रजी शब्द: ॲड्रेसी डिपार्टेड.

मामंजींनी कागद हातभर लांब धरून वाचला. जुन्या कचेरीतले उर्दू कागद ते असेच धरत असत. वाचून माझ्याकडे दिला. नानासाहेबांना बोलावणं गेलं नव्हतं, तरी ते आले. त्यांनी चष्मा लावला.

"डिपार्टेड. हैदराबादच्या पेपरात काळ्या चौकटीत यायचं. डिपार्टेड सोल. दिवंगत."

मी म्हणाले, "इथं तसा अर्थ नाही. पत्त्यावरचा माणूस तिथून गेला, एवढंच."

सासूबाई दाराआड उभ्या होत्या. "काय म्हणाली ती? गेला?"

"तिथून गेला, आई. बिऱ्हाड सोडून गेला."

"म्हणजे तेच ना."

मी मराठी शिकवते. गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं – गेला, वारला, निवर्तला. मुलींनी वहीत उतरवून घेतलं.

४ डिसेंबर

बिऱ्हाड सोडून गेला, तर कुठं गेला? आणि मला का कळवलं नाही? की कळवलं – तेच बंबात गेलं?

घरमालकिणीला इंग्रजीत पत्र टाकलं. तिला इंग्रजी येत नाही, असं अनंतनं एकदा लिहिलं होतं.

सासूबाई दिवसभर एकच सांगत होत्या. दोन वर्षांपूर्वी स्टेशनवर गाडी हलली तेव्हा अनंत "जातो आई" म्हणाला. 'येतो' म्हणाला नाही. त्यांनी तेव्हाच ओळखलं. मी त्या फलाटावर शेजारीच उभी होते. तो काय म्हणाला ते मला आठवत नाही. मी इंजिनाकडे बघत होते.

५ डिसेंबर

भटजी येऊन गेले. देह नसला तर पालाशविधी करतात. पळसाच्या देठांचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी द्यायचा. बुधवारचा दिवस सांगितला. मामंजी म्हणाले, "पोस्टमनची वाट पाहू." नानासाहेब म्हणाले, "पोस्टमन काय आणणार आहे आता?"

सासूबाईंनी माझा पासपोर्ट मागितला. "ते पुस्तक घरात नको." शाळेत कपाटात ठेवलाय म्हणून सांगितलं. खोटं. ट्रंकेत आहे, शालूच्या घडीत.

६ डिसेंबर

पुंजारामकडे जाऊन आले.

कोणाला विचारलं नाही. सकाळच्या एस.टी.नं गंगापूर. तिथून पुढं कापसाच्या बैलगाडीत. गाडीवानानं विचारलं, कुणाकडचं पाव्हणं? म्हणाले, पोस्टमनकडचं. दुतर्फा ऊस. मी मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले होते. पिशवीत काही नव्हतं.

लग्न परवा होऊन गेलं होतं. मांडव अजून उभा होता. पुंजाराम खाकीऐवजी धोतरात, त्यामुळं आधी ओळखू आला नाही. मला पाहून उठून उभा राहिला.

"बाई? तुमी हितं?"

"पुंजाराम, शनिवारी जर्मनीचं पाकीट दिलंस. त्याचं तिकीट तू काढलंस का?"

"व्हय. तुमीच म्हनल्या व्हत्या. जरा कोपरा फाटला, पर आतल्या कागदाला धक्का नाय लागू दिला. तुमच्या सासूबाईला सांगितलं बी, तिकीट काढून घेतलंय म्हून."

मी मांडवातच बसले. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मग घरी काय झालं ते सांगितलं. पुंजारामनं दोन्ही हातांनी टोपी काढली.

"बाई, तेवीस साल झाले डाक वाटतोय. मयताचं पत्र मला लांबून कळतं. त्ये असं नसतं वो. त्याचा कोपरा खालचा फाडत्यात. हा वरचा व्हता."

खालचा की वरचा – हा नियम मला ठाऊक नव्हता. त्यानं तो तिथल्या तिथं केला असेल तरी मला चालणार होता.

तिकीट त्यानं ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं, लक्ष्मीच्या चित्राखाली. त्यावर कोणा म्हाताऱ्याचं डोकं. पुंजारामला तो जर्मनीचा राजा वाटत होता. पाण्याचं बोट फिरवून त्यानं ते सोडवलं, फुंकर मारली आणि माझ्या तळहातावर ठेवलं. फाटलेला कोपरा तसाच मागं चिकटलेला. निळी-तांबडी कड.

दिवेलागणीच्या आत घरी आले. तिकीट सासूबाईंपुढं ठेवलं. काय काय झालं ते सांगितलं. मामंजी दोनदा म्हणाले, "असं आहे तर." त्यांचा आवाज वेगळा होता.

सासूबाई तिकिटाकडे पाहत होत्या. "हो, म्हणाला होता तो. तिकीट काढून घेतलं, म्हणाला."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, बोटीचं. माणूसच राहिला नाही, तर तिकीट कशाला ठेवतील, काढूनच घेतील."

"पोस्टाचं तिकीट, आई."

"बरं, पोस्टाचं." मग सावकाश म्हणाल्या, "आणि तार? तारेचा कोपरा कोणी फाडला?"

मी तिकीट उचलून वहीत ठेवलं.

७ डिसेंबर

मामंजींनी बुधवारचं नक्की केलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिच्यासाठी करतो. ती जेवत नाही."

८ डिसेंबर

अनंतची पत्रं काढली. एकोणचाळीस. लावून वाचली.

पहिल्या वर्षाची लांबलचक. ट्राम, बर्फ, पावाचे प्रकार, यंत्रावरचा मुकादम. नंतरची आखूड. ऑगस्टमध्ये – इथं कोणी कोणाला हाक मारत नाही. सप्टेंबरात – मेतकूट पाठव. ऑक्टोबरात एक पान. त्यात माझ्या येण्याबद्दल एकच ओळ, 'तुझं काय ते बघू'. मी उत्तरात आठ पानं लिहिली होती. तिथं कोणते कोट मिळतात, विद्यापीठात मराठी शिकवतात का, नदी किती लांब. तो कसा आहे हे मी विचारलं होतं का? माझी पत्रं माझ्याकडे नाहीत. बहुतेक शेवटी विचारलं असेन. शेवटी विचारायची रीत आहे.

दहा दिवस मी सगळ्यांशी भांडले. थंडीनं माणूस मरत नाही. बोटी बुडत नाहीत. प्रेतं चिरत नाहीत. जर्मनीची बाजू घेऊन भांडले. अनंतसाठी भांडतेय असं वाटत होतं. आज पत्रं बांधून ठेवताना दिसलं – मला जायचं होतं. तो तिथं आहे म्हणून नव्हे. मला जायचं होतं. तो जिवंत असल्याशिवाय मला जाता येणार नव्हतं, म्हणून तो जिवंत असायला हवा होता.

हे लिहिलं. खोडत नाही.

सासूबाई निदान त्याच्यासाठी रडतात.

९ डिसेंबर

पुरुष माणसं सकाळी खाम नदीच्या काठी गेली. मामंजींच्या हातात पळसाच्या देठांची मोळी, नानासाहेबांच्या हातात नारळ. दारातून बाहेर पडताना मामंजींनी छत्री शोधली. मी आणून दिली.

घरात आम्ही दोघी. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. इतके दिवस कुंकवावरून बोलत होत्या, आज काही नाही. मीच उठले. कोनाड्यातल्या आरशासमोर कुंकू पुसलं. मंगळसूत्र काढलं, त्यांच्या ओंजळीत ठेवलं. बळजबरी कोणी केली नाही. मला पटलं का? सांगता येत नाही. पुन्हा एकदा नाही म्हणायला अंगात बळ उरलं नव्हतं. आणि कालचं लिहिल्यावर त्याच्या जिवंत असण्याचा आग्रह मी कोणत्या तोंडानं धरायचा?

सासूबाईंनी मला जवळ ओढलं. त्यांच्या अंगाला राखेचा वास येत होता. म्हणाल्या, "तू इथंच राहा हो. तुला कुठं पाठवणार नाही आम्ही."

पुरुष माणसं बाराला परतली. आंघोळी झाल्या. मामंजी म्हणाले, लवकर पेटलं.

मुंबईच्या बोट कचेरीला माझं तिकीट रद्द करण्याचं पत्र लिहून ठेवलं आहे. सही करताना सौ. लिहिलं, ते खोडलं, नुसतं उमा लिहिलं.

१० डिसेंबर

सकाळी मनमाडच्या गाडीनं अनंत आला. टांग्यातून दोन ट्रंका उतरवल्या. खूप वाळलाय. पहिलं वाक्य – "पत्र मिळालं ना?" जर्मनी कायमची सोडली, बोटीनं निघालोय, तुझं जाणं रद्द कर, असं त्यात लिहिलं होतं. त्याच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारा वारला, चार दिवस कोणाला कळलं नाही. तेव्हापासून अनंतला तिथं झोप येईना.

काल ज्याचं दहन केलं त्याला तसंच घरात घेता येत नाही. प्रायश्चित्त विचारायला नानासाहेब भटजींकडे गेले. सासूबाई उंबऱ्याच्या आत, तो बाहेर ओट्यावर, दोघं रडत होते. मी चहा बाहेर नेऊन दिला. त्यानं माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि कप घेतला.

साडेदहाला शाळेला निघाले. बोट कचेरीचं पत्र वाटेत पेटीत टाकलं.